प्रत्येक तालमीत वस्ताद का मरतो

मामा, तुझ्या जलदान विधीला मला बोलायला उभं केलं होतं. मांडव तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या समोरच टाकला होता, ताडकळसच्या बाजाराच्या रस्त्यावर. भंतेजींचं झालं, मग तुझे विद्यार्थी एकेक करून बोलले. ग्रामपंचायतीत ऑपरेटर असलेला तुझा पहिल्या बॅचचा पोरगा म्हणाला, "मास्तरनी टायपिंग शिकवलं म्हणून आज माझं घर चाललंय," आणि माईक तसाच धरून रडला. नंतर तो माईक माझ्याकडं आला. "भाची हाय. लय जीव होता दोघांचा," असं मागून कुणीतरी म्हणालं. मी उभी राहिले. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त जादूगार होते, तळघरातले उंदीर होते, आणि तू दर वेळी देत होतास त्या शिव्या होत्या. मी म्हणाले, "मामा चांगला माणूस होता," आणि खाली बसले.

चांगला माणूस तर तू होतासच. पण ते सांगायला मी कशाला लागते.

तिथं सांगता आलं नाही ते इथं सांगते. मांडवातल्या लोकांना आधी सगळं समजावून सांगावं लागलं असतं. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये एक अख्खं राज्य असतं, त्यात डोंगर, किल्ले, बाजार, राक्षस, आणि त्या राज्यात आपण एक अनोळखी वाटसरू म्हणून शिरतो. मग तिथल्या गिल्डमध्ये, म्हणजे एकेका कसबाच्या संघात, नाव घालतो. जादूगारांचं गिल्ड, लढवय्यांचं, चोरांचं. तिथले लोक कामं सांगतात, आपण ती करत जातो, आणि त्या कामांची मिळून एक गोष्ट होते. तू गिल्ड कधी म्हणालाच नाहीस. तू तालीम म्हणायचास.

"आगं, तालीमच हाय ती. पोरं येतात, मातीत पडतात, वर एक वस्ताद बसलेला असतो. गिल्ड म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं काईच येत न्हाई."

तेव्हापासून आपल्या दोघांत जादूगारांचीसुद्धा तालीमच होती.

पहिल्यांदा मी त्या तालमीत शिरले तेव्हा शाळेत होते. मे महिना होता. दुपारची बॅच सुटली की तू उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढायचास आणि मला कोपऱ्यातल्या, त्यातल्या त्यात चांगल्या मशीनवर बसवायचास. मी तळघरातले उंदीर मारले, कुणाची तरी हरवलेली पुस्तकं आणून दिली, एका थडग्यातून चमकणारा दगड काढला. मग तालमीचा म्हातारा वस्ताद त्या दगडापायी मेला, आणि बाकीच्या जादूगारांनी मला गोल उभं राहून सांगितलं की आता तूच आमची मुख्य.

मी ओरडले, "मामा, मी मुख्य झाले!"

तू हातातला चहा घेऊन आलास, पडद्याकडं बघितलंस. "किती जादू येते गं तुला?"

"आग लावता येते."

"केवढी?"

"छोटी."

"आन् मुख्य?"

मला राग आला होता. मी म्हटलं, केलंय ना त्यांनी, मग आहे मी मुख्य. तू म्हणालास, "बरं, एकदा भाईर जाऊन परत आत ये." मी गेले, आले. फाटकावरचा जादूगार मला म्हणाला की नवीन दिसतेस, आत गोंधळ घालू नकोस. तू इतका हसलास की चहा कीबोर्डवर सांडला. मग आपण दोघांनी तो कीबोर्ड उलटा करून उन्हात ठेवला. स्वयंपाकघरातल्या बाईनं मुख्यबाईंना अळंबी गोळा करून आणायला पाठवलं तेव्हा मात्र मलाही हसू आवरलं नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते एवढी वर्षं चाललं की कोण कुठल्या बाजूनं आहे हे सांगायची गरज उरली नव्हती. मी परभणीत कॉलेजला गेले, मग पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला लागले, तरी नवा गेम हातात आला की तुझा फोन यायचा. 'कशी आहेस' नाही, काही नाही.

"बगितलीस का ह्यांची तालीम? फितूर कोण हाय ते मला दारातच कळलं. सगळे साध्या कपड्यात आन् ह्यो एकटा काळा झगा घालून कोपऱ्यात. आन् शेवटी म्हणे, अरेरे, हा फितूर निघाला! अरे बाबा, तूच तर शिवलास त्याला झगा."

एकाच माणसाला चोरांचा म्होरक्या आणि कोतवालाचा उजवा हात, दोन्ही एका आठवड्यात होता येतं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं काही वाटत नाही, यावर तू एक अख्खी दुपार घालवली होतीस. कुऱ्हाडीनं सगळ्यांना तोडत जाऊन जादूगारांचा मुख्य झाला होतास तू, मुद्दाम, एक मंत्र न म्हणता. ते सिद्ध केल्यावर मला फोन करून सांगितलंस, "झालो बग. कुणी विचारलं पण न्हाई."

पण तुझी खरी तक्रार याच्या पुढची होती. तू म्हणायचास, त्या तालमीत आधीपासून कुणीतरी असायलाच पाहिजे ज्याला ती जागा पाहिजे होती. ज्यानं बारक्या पोरांना शिकवलं, सकाळी येऊन दारं उघडली, वस्तादाची चिडचिड सोसली. आपण परवा आलो आणि त्याच्या डोक्यावरून उडी मारून बसलो, तर त्याचं एक वाक्य तरी ऐकू यावं. "असा माणूस कुठल्याच गेममधी का नसतो, मला सांग. सगळ्या दुनियेत असतो. प्रत्येक हापिसात असतो."

मी म्हणायचे, "मामा, लोक दमून घरी येतात. तासभर खेळतात. त्यांना तिथंही वर्षानुवर्षं झाडू मारायला लावायचं का? ज्याला कुठंच कुणी काही केलं नाही, त्याला एका संध्याकाळी कुणी मुख्य केलं तर होऊ दे की."

"होऊ दे. मी कुठं न्हाई म्हणालो? पण बसवलं गादीवर, तर बाकीच्यांनी मान वर करून बगितलं पायजे."

तू हे नेहमी हसत म्हणायचास. आई एकदा म्हणाली तेव्हा मला कळलं की हे सगळं कुठून येत होतं. ताडकळसला क्लास टाकायच्या आधी तू एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचास. तात्पुरत्या नेमणुकीवर, वर्षानुवर्षं. मशिनी तूच उघडायचास, तूच लावायचास, सरांचे पेपर तूच टाइप करायचास. जागा निघाली तेव्हा बाहेरून कुणीतरी आला आणि थेट विभागाचा प्रमुख होऊन बसला. तू त्याला लॅबच्या किल्ल्या दिल्यास, कुठला पंखा आवाज करतो ते सांगितलंस, आणि एसटीनं ताडकळसला आलास. आईच्या भाषेत, "कुणाला एक शब्द बोलला न्हाई माझा भाऊ."

मी तुला विचारलं होतं. "तुझा राग गेमवर नाहीच आहे ना?"

"खामखा काई बी जोडू नकोस. त्या गोष्टीचा ह्याच्याशी काय संबंध?" मग म्हणालास, "आन् तो मानूस काई वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हितं आधी कोण होतं."



तुझी मूत्रपिंडं गेली तेव्हा परभणीला डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या दिवशी तू सकाळीच ताडकळसहून आमच्याकडं यायचास. आई तुला मोजून पाणी द्यायची आणि तू फुलपात्राकडं असा बघायचास की मला दुसरीकडं बघावं लागायचं. मग रिक्षा, दवाखाना, खिडकीजवळचा तुझा पलंग. मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या स्टुलावर. आधी मी माझं कंपनीचं काम करत बसायचे. तू छताकडं बघत पडायचास. एक दिवस तू म्हणालास, "हे यंत्र माझं रगत धुतंय तवर आपण एखादी तालीम धुऊन काढू की."

डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. म्हणून कीबोर्ड माझ्याकडं आला आणि माऊस तुझ्या उजव्या हाताखाली. चालायचं मी, बघायचं तू. मी पुढं चालवायचे आणि तू नेमका आकाशाकडं बघत असायचास, मग आपला माणूस खड्ड्यात. "आगं थांब, थांब, मी चांदण्या बगायलोय." असं करत आपण एक माणूस दोघांनी मिळून चालवला. तसा मी त्याआधी कुणाबरोबर काही केलेलं नाही. यातलं काहीही मी तुला तेव्हा म्हणाले नाही, कारण म्हणण्यासारखं काही आहे हेच तेव्हा वाटलं नाही.

शेजारच्या पलंगावर पोखर्णीचे आण्णा असायचे. घरी मेंढरं आणि थोडी शेती. ते आधी नुसते बघायचे. मग विचारायला लागले.

"मास्तर, हा दाढीवाला कोण म्हणायचा?"

"हा वस्ताद, आण्णा. ह्या जादूगारांचा."

"चांगला हाय का?"

"चांगला हाय. पण मरतो."

"कशानं?"

"आमाला जागा पायजे म्हणून मरतो," तू म्हणालास. "प्रत्येक तालमीत वस्ताद मरतोच, आण्णा. त्याला मरायसाठीच बसवलेला असतो. लिहिणाऱ्याला दुसरं काई सुचत न्हाई. म्हातारा जिता ठेवला तर नव्याला कुठं बसवायचं, हेच त्यांना कळत न्हाई."

आण्णांनी विचार केला. "दोघं बसले तर?"

तू माझ्याकडं बघितलंस. "बग, ह्यांना सुचलं."

त्या हॉलमध्ये एकदा पिंगळीची एक बाई नवीन आली. इतकी घाबरलेली की सिस्टरला हात धरू देईना. आण्णांनीच तिला तहान लागली की काय करायचं ते सांगितलं. बर्फाचा खडा गालात धरायचा, गिळायचं नाही, बोलत राहायचं. तू तिला म्हणालास, सुई टोचताना माझ्याकडं बगा, मी तोंड वेडंवाकडं करतो. पुढच्या खेपेला ती आपणहून येऊन झोपली. तू मला हळूच म्हणालास, "असं आत घेतात मानसाला. हिला दगड आणायला न्हाई लावलं कुणी."

त्या गेममध्ये आपण शेवटापर्यंत आलो होतो. सगळी कामं झाली होती. वस्तादाकडं जायचं, तो थडग्याचं शेवटचं काम सांगणार, आपण ते घेतलं की तो आपल्या मागं येणार आणि तिथंच मरणार. मी माणसाला त्याच्या समोर नेऊन उभा केला. तू माऊस सोडलास.

"न्हाई घ्यायचं."

"मामा, मग गोष्ट संपणार कशी?"

"न्हाई संपली तर काय होईल? बसू दे की त्याला. आपण दुसरीकडं फिरू."

"हा रडीचा डाव झाला."

"असू दे."

मग आपण उरलेले दिवस त्या राज्यात नुसते फिरलो. नदीकाठानं गेलो, बाजारात गेलो, परत येऊन तालमीत वस्तादासमोर उभे राहिलो. तो दर वेळी म्हणायचा की तयार झालास की ये. तू म्हणायचास, "न्हाई बाबा, बस तू."

मला तुझा राग यायचा, मामा. त्या गेमचा नाही. आईनं तुला मूत्रपिंड द्यायचं केव्हाच ठरवलं होतं. रक्तगट जुळला होता, पहिल्या तपासण्या बऱ्या निघाल्या होत्या, नांदेडच्या डॉक्टरांना भेटून पुढची तारीख घ्यायची होती. ती तारीख तू घेत नव्हतास. "बगू," म्हणायचास. "सोयाबीन निघू दे," म्हणायचास, जसं काही तुझ्याकडं सोयाबीन होतं. एकदा मी फारच मागं लागले तर म्हणालास, "आक्कानं मला लहानाचं मोठं केलंय. आता तिचं पोट चिरून घेऊ का?" मी म्हटलं, तिला द्यायचंय. तू म्हणालास, "तिला तर सगळंच द्यायचं असतं."

आणि लगेच म्हणालास, "चल, नदीकडं जाऊ." मी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि चालायला लागले. मला तिथं थांबून तुझ्याशी भांडायचं होतं. वस्ताद का मरतो यावर आपण इतकं बोललो. तू मरू नयेस म्हणून काय करायचं, यावर बोलायला लागलं की आपण नदीकडं जायचो. भांडण तेच होतं, असं आता वाटतं. तेव्हा कळत होतं की नाही, आठवत नाही.

शेवटच्या दिवसांत आपण आणखी एका गोष्टीवर अडून बसलो होतो, आणि ते तसंच राहिलं. मी म्हणाले होते की गेम खोटा नाही. माणूस जातो, दुसरा त्याच्या जागेवर येतो, फाटकावरचा तेच बोलतो जे काल बोलत होता. खऱ्यात तरी कोण मान वर करून बघतं?

तू म्हणालास, "खऱ्यात न्हाई बगत, म्हणून तर गोष्ट लागते ना."

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते.

पुढच्या वेळी तू चहा प्यायलास, अर्धाच, तुझ्या वाटणीचा. रिक्षा बाहेर आली होती. तू दारातल्या खुर्चीवर बसून चपला घालत होतास. मी लॅपटॉपचा चार्जर पिशवीत टाकत होते. आई म्हणाली, "बाळू, टोपी घे, ऊन हाय." तू काही बोलला नाहीस. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी म्हणाले, "मामा, चल," आणि वळून बघितलं. तू मान खाली घालून बसला होतास, एक चप्पल पायात आणि एक हातात. रिक्षावाल्यानं परत हॉर्न वाजवला.

पुढचं मला सलग आठवत नाही. डॉक्टर आले, शेजारचे आले. आई तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी मधेच दवाखान्यात फोन केला, कारण आपली वेळ होऊन गेली होती. मी म्हणाले, "आज येणार नाहीत ते." पलीकडची मुलगी म्हणाली, "बरं, मग उद्या सकाळच्या पाळीत बसवू का?" मी म्हणाले, "नको." तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग मी चार्जर पिशवीतून काढून परत जागेवर लावला.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक माझ्याकडं बघतात आणि आईला विचारतात, पोरगी बरी हाय ना. मी जेवते. कंपनीचं काम करते. परवा मीटिंगमध्ये मी एक चूक शोधून दिली आणि सगळ्यांनी छान म्हटलं. हात धुताना कधी कधी पाणी गार आहे की गरम, ते कळत नाही. बघावं लागतं.

विधी झाल्यावर मी दवाखान्यात गेले. तुझी चादर आणि उशी तिथं कपाटात राहिली होती. फाटकावरचा वॉचमन मला बघून म्हणाला, "ताई, गाडी आडवी लावू नका." तेच. दर खेपेला आपल्या रिक्षावाल्याला म्हणायचा ते. त्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल. मी गाडी सरळ लावली. मला वाटलं, मामा, हे बघ, मी म्हणत होते ते. मला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

हॉलमध्ये तुझ्या पलंगावर एक नवा माणूस होता. पस्तिशीचा असेल, बायको पायाशी बसलेली. आण्णांनी मला बघितलं आणि उजवा हात वर केला, डावा हलवता येत नाही म्हणून. मी जवळ गेले. त्यांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, त्यांना ताडकळसच्या कुणाकडून तरी कळलं होतं. ते त्या नव्या माणसाला म्हणाले, "ही मास्तरची भाची." तो माणूस उठायला लागला. उठता येत नव्हतं, सुया होत्या. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आण्णांनी सांगितलं मला. हितं आधी मास्तर असायचे म्हणून."

मी "बसा, बसा" म्हणाले. तो बसलेलाच होता, खरं तर झोपलेला.

आण्णांनी विचारलं, "त्या दाढीवाल्याचं काय केलंत मग?"

"आहे तसाच आहे. जिवंत."

"राहू द्या," आण्णा म्हणाले. "मास्तरच्या मनात होतं तसं."

मी उशी काखेत धरून बाहेर आले. वॉचमन फोनवर बोलत होता. तू म्हणत होतास ते बरोबर की मी म्हणत होते ते, हे मला ठरवता आलं नाही, आणि ते कुणाशी बोलायचं तर तो माणूस नव्हता.

काल दुपारी आई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "एक विचारू का गं? तुमी दोघं इतकी वर्षं कशावरून भांडायचे? फोनवर, दवाखान्यात. मला वाटायचं कामाचं काई असेल, म्हणून मी विचारलं न्हाई कधी."

मी म्हणाले, "गेमबद्दल, आई."

"ते हाय ठाऊक. पण गेममधलं काय?"

मग मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. तालीम काय, तिथं नवा माणूस कसा येतो, उंदीर, दगड, थडगं. फाटकावरचा जादूगार. काळा झगा घातलेला फितूर. तुझी जागेची वाट बघणाऱ्या माणसाची तक्रार सांगितली तेव्हा तिनं मान हलवली. मग वस्तादाचं सांगितलं. तो चांगला आहे, सगळ्यांना शिकवतो, आणि नव्याला जागा मिळावी म्हणून दर गेममध्ये त्याला मारतात. तो मेला की बाकीचे गोल उभे राहतात, एकजण दोन वाक्यं बोलतो, आणि नव्याला मुख्य करून सगळे आपापल्या खुर्चीवर जाऊन बसतात. मामाला ते पटायचं नाही म्हणून त्यानं ते काम घेतलंच नाही.

आई नीट ऐकत होती. मांडीवर पडलेले तुरीचे दाणे एकेक करून सुपात टाकत होती.

"मेल्यावर दोनच वाक्यं?"

"हो."

"आन् त्याच्या घरी कोण कोण हाय?"

"कुणाच्या?"

"त्या वस्तादाच्या. आई-बाप नसतील, म्हातारा हाय म्हणतीस. पण बहीण-भाऊ कुणी असेल की. ते येत न्हाईत का?"

मी विचार केला, मामा. तो गेम आठवला, त्याच्या आधीचा आठवला, शाळेत असताना खेळलेला पहिला आठवला. आपण त्या म्हाताऱ्यांच्या खोल्या उघडून बघितल्या होत्या, कपाटं उपसली होती, त्यांची पुस्तकं वाचली होती. एकाही वस्तादाला घर नव्हतं. एकाच्याही मागं कुणी नव्हतं. एवढी वर्षं आपण दोघं त्या जागेवर कोण बसणार यावरून भांडलो, आणि हे ना तुझ्या लक्षात आलं, ना माझ्या.

"कुणीच नाही, आई," मी म्हणाले. "त्यांनी कुणी दाखवलंच नाही."

"असं कसं?" आई म्हणाली. "कुणीतरी असेलच ना."

मी फोन हातात घेतला होता, तुला सांगायला. आईनं सूप परत उचललं, एकदा पाखडलं, आणि मग ते तसंच हातात धरून बसून राहिली.